अस्सल, नक्कल आणि परवाना

नीतिशास्त्राच्या चर्चेंत ज्या उदाहरणांची आपणांस संवय झाली आहे तीं बहुधा मोठीं असतात. बुडतें जहाज, फांशीची शिक्षा झालेला कैदी, घरांत लपलेल्या मित्राविषयीं शत्रूस खोटें सांगावें कीं नाहीं असा प्रसंग. आम्ही स्वतः गेलीं पंचवीस वर्षें वर्गांत हींच उदाहरणें देत आलों आहों. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातून जी चूक घडली तींत जहाजही नव्हतें आणि शत्रूही नव्हता. एका शब्दाची वेलांटी सुधारून आम्हीं संगणकावरील एक कागद 'जतन' केला, एवढेंच. पडद्यावरील त्या आज्ञेस मराठींत 'जतन करा' असेंच नांव दिलेलें आहे, आणि जें घडलें तें नेमकें त्या नांवाच्या उलट होतें.

आमच्या महाविद्यालयांत गरजू विद्यार्थ्यांस फी व पुस्तकें यांसाठीं गाजावाजा न करतां मदत देणारा एक लहानसा निधि आहे. त्याच्या समितींत आम्ही चौघे आहों. अर्ज कोणाचे आले, रक्कम किती द्यावयाची आणि अर्जदारानें अडचणीचें कारण काय सांगितलें, हें सर्व एका यादींत लिहिलेलें असतें. यादी महाविद्यालयाच्या सामाईक संगणकावर आहे. ती चौघांनीं वाचावी, चौघांनींही तींत लिहावें, पांचव्यास मात्र ती दिसूं नये, असा बंदोबस्त संगणक-विभागांतील एका तरुण सहकाऱ्यानें आम्हांस करून दिला होता. एका सायंकाळीं आम्हीं ती उघडली, चुकीचा पडलेला एक शब्द नीट केला, कळ दाबली आणि छत्री घेऊन घरीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं समितींतील ज्येष्ठ प्राध्यापिका बाईंचा दूरध्वनि आला. "अहो सर, यादी उघडते, पण मला तींत एक अक्षर लिहितां येत नाहीं. तुम्हीं कांहीं केलेंत काय?" आम्हीं कांहींच केलें नव्हतें, आणि तसें आम्हीं त्यांस ठासून सांगितलेंही. मग त्या तरुण सहकाऱ्यानें पाहिलें. यादी आतां आमच्या एकट्याच्या मालकीची झाली होती. समितीचा तींत लिहिण्याचा हक्क गेला होता. आणि जिच्यापासून सर्वांस दूर ठेवावयाचें तीच यादी, त्या संगणकावर ज्याचें ज्याचें खातें आहे अशा प्रत्येकास, विद्यार्थी धरून, वाचावयास मोकळी झाली होती. चौदा तास ती अशी उघडी पडली होती. तींत एका विद्यार्थिनीनें आपल्या घरच्या स्थितीविषयीं लिहिलेलीं चार वाक्यें होतीं. तीं काय होतीं हें येथें सांगितलें, तर तोच अपराध आम्हीं दुसऱ्यांदा केल्यासारखें होईल.

हें कसें घडलें तें समजून घेण्यांत आमच्या दोन दुपारी गेल्या. वाचकांस तितका वेळ लागूं नये म्हणून थोडक्यांत सांगतों. आमचा सामाईक संगणक ज्या पद्धतीनें चालतो ती युनिक्सच्या घराण्यांतील आहे. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून ही पद्धति उभारली. तींत प्रत्येक फायलीच्या दृष्टीनें तीन प्रकारचे लोक मानलेले असतात: मालक, एक गट, आणि बाकीचें जग. प्रत्येक प्रकारास वाचणें, लिहिणें व चालविणें हे तीन हक्क असतात किंवा नसतात. म्हणजे एकंदर नऊ 'होय-नाहीं'. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन व चालविण्याचा एक असे गुण धरून त्यांची बेरीज मांडतात. आमच्या यादीवर ६६० हा आंकडा होता: मालकास सहा, गटास सहा, जगास शून्य. सकाळीं तो ६४४ झालेला आढळला. मौज अशी कीं १९७१ च्या पहिल्या मार्गदर्शिकेंत 'गट' हा प्रकारच नव्हता. मालक आणि मालक नसलेले, असे दोनच वर्ग होते. एकटा मनुष्य आणि सारें जग यांच्यामध्यें 'आपण चौघे' नांवाची एक वस्तु असते, हें त्या बुद्धिमान मंडळींच्या व्यवस्थेंतही मागाहून आलें, याचें आम्हांस थोडें समाधान वाटलें.

आतां ६६० चे ६४४ कसे झाले? ज्या लेखन-साधनांत आम्हीं ती यादी उघडली (त्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं) त्यानें आमची दुरुस्ती जुन्या फायलींत लिहिलीच नाहीं. त्यानें शेजारीं एक नवी फाइल निर्माण केली, तींत सारा मजकूर पुन्हां उतरविला, आणि जुन्या फायलीचें नांव तिला दिलें. त्याबरोबर जुनी नाहींशी झाली. नवी फाइल ही नव्यानें जन्मलेली. तिचा मालक तिला जन्म देणारा, म्हणजे आम्ही. तिचा गट आमचा नेहमींचा, समितीचा नव्हे. आणि तिच्यावरचे हक्क कोणते, तर आमच्या खात्यावर नव्या फायलींसाठीं जी सर्वसामान्य रीत लावलेली होती तिच्याप्रमाणें: मालकानें लिहावें, इतर सर्वांनीं वाचावें. पुष्कळ संगणकांवर आरंभापासून हीच रीत घालून दिलेली असते. कोणाच्याही मनांत कपट नव्हतें.

मग साधन बनविणारे निष्काळजी होते काय? तसें सरसकट म्हणवत नाहीं. जुन्याच फायलींत लिहावयाचें तर ती आधीं रिकामी करावी लागते व मग भरावी लागते. रिकामी झाली आहे आणि भरली गेली नाहीं अशा क्षणीं वीज गेली, तर जुनेंही गेलें आणि नवेंही आलें नाहीं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या महिन्यांत विजेची हमी कोणी घेणार नाहीं. २००९ च्या आरंभीं लिनक्सच्या एक्स्ट-४ या तेव्हां नव्या असलेल्या फाइल-व्यवस्थेंत यंत्र अकस्मात् बंद पडल्यानंतर कित्येकांस आपल्या फायली शून्य लांबीच्या झालेल्या आढळल्या. तेव्हां त्या व्यवस्थेचे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांस साधनें लिहिणारांस समजावून सांगावें लागलें, कीं नवी फाइल लिहा, ती तबकडीवर खरोखर पोंचल्याची खात्री करा, आणि मगच तिला जुनीचें नांव द्या. नांव बदलण्याची ही क्रिया एक तर पुरी होते, नाहीं तर मुळींच होत नाहीं. ती अर्धवट राहत नाहीं. म्हणजे मजकूर वांचविण्याच्या सद्हेतूनेंच ही रीत पडली आहे. मजकूर वांचतो, तो ज्या अटीवर हवालीं केलेला होता ती अट मात्र जुन्या देहाबरोबर जाते.

येथें आमच्या विषयांतला प्रश्न सुरू होतो. दुरुस्तीनंतरची यादी ती तीच यादी, कीं दुसरी? एकेक फळी बदलत गेलेलें थीसिअसचें जहाज तेंच राहिलें कीं नाहीं, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असें प्लुटार्कनें नोंदून ठेविलें आहे. आपल्याकडे वेदान्ती लोक 'सोऽयं देवदत्तः' हें उदाहरण घेतात: पूर्वीं अन्यत्र पाहिलेला तो आणि आज येथें दिसणारा हा, स्थळकाळाचा भेद बाजूस सारला म्हणजे एकच. हीं दोन्ही उदाहरणें आम्हीं वर्गांत कितीदां तरी घेतलीं आहेत, आणि खरें सांगावयाचें तर तीं आम्हांस आजवर निरुपद्रवी वाटत. जहाज तेंच असलें काय आणि दुसरें असलें काय, त्यानें कोणाचें काय बिघडतें? यादीच्या बाबतींत मात्र बिघडलें. संगणकास विचारलें तर तो सांगेल कीं फाइल दुसरी आहे, तिचा आंतला क्रमांकसुद्धां वेगळा आहे. आम्हांस विचारलें तर आम्ही सांगूं कीं यादी तीच; आम्हीं एक वेलांटी बदलली. दोन्ही उत्तरें आपापल्या ठिकाणीं खरीं आहेत. परंतु साधनानें नांव मात्र आमच्या उत्तराप्रमाणें ठेविलें आणि हक्क संगणकाच्या उत्तराप्रमाणें दिले. ती यादी जर दुसरी होती, तर तिला पहिलीचें नांव देण्याचें कारण नव्हतें. आणि तीच होती, तर तिच्यावरचा बंदोबस्त काढण्याचें कारण नव्हतें.

आमच्या जुन्या दप्तरांत या भेदासाठीं दोन सुरेख शब्द आहेत: अस्सल आणि नक्कल. मराठेशाहींतील पत्रावर शिक्का असे, आणि मजकुराच्या शेवटीं मोर्तब असे, म्हणजे येथें मजकूर संपला, यापुढें कोणीं कांहीं घुसडूं नये. अधिकार असा त्या प्रत्यक्ष कागदास चिकटलेला असे. कारकुनानें नक्कल केली तर ती नक्कल म्हणूनच वावरे. तिच्यावर मोर्तब नाहीं हें पाहणारास दिसे. एखाद्या कारकुनानें नक्कल उतरून अस्सल जाळलें असतें, आणि नकलेस अस्सल म्हणून दप्तरांत ठेविलें असतें, तर त्याची धडगत नव्हती. आजच्या कचेरींतील यंत्रावर हेंच कृत्य दिवसांतून शेंकडों वेळां होतें, आणि त्यास आपण जतन म्हणतों.

कोणी म्हणेल कीं हा शब्दांचा खेळ झाला; परवाना हा फायलीचा एक गुण आहे, जसा कागदाचा रंग, आणि नवा कागद घेतला म्हणजे रंग बदलावयाचाच. येथेंच आमचा मतभेद आहे. परवाना हा कागदाचा गुण नव्हे. तो माणसामाणसांतील संबंध आहे. त्या मुलीनें चार वाक्यें लिहिलीं तीं 'तुम्ही चौघांनीं वाचावीं' या समजुतीवर, आणि ती समजूत आम्हीं स्वीकारली होती. त्या नऊ खुणा म्हणजे या कराराची यंत्राच्या भाषेंतील नोंद, दुसरें कांहीं नाहीं. नोंद ज्या पाटीवर होती ती पाटी फुटली म्हणून करार संपत नाहीं. सोनाराकडे आपण जुनी पाटली मोडून तिची नवी बांगडी करावयास देतों. बांगडी नवी झाली म्हणून ती सोनाराची होत नाहीं, आणि ती वाटेल त्यास हाताळूं देण्याचा अधिकारही त्यास येत नाहीं. सोनें वितळवून नवा घाट देण्याची परवानगी आपण दिलेली असते. मालकी वितळविण्याची नव्हे.

याच्या विरुद्ध एक आक्षेप युनिक्समध्येंच आम्हांस सांपडला, आणि तो वजनदार आहे. रिची यांनीं एक विशेष खूण कल्पिली होती; तिचें पेटंटही १९७९ मध्यें मिळालें. ही खूण ज्या कार्यक्रम-फायलीवर असेल ती कोणीही चालविली तरी ती आपल्या मालकाच्या अधिकारानें चालते. आतां अशा फायलींत सामान्य मनुष्यानें एक अक्षर जरी लिहिलें, तरी लिनक्स ती खूण आपण होऊन पुसून टाकतें. कां? तर विश्वास पूर्वींच्या मजकुरावर होता. मजकूर बदलला, आतां विश्वासही पुन्हां मिळवावा. मग आमच्या यादीचा मजकूर बदलल्यावर तिचे जुने हक्क गेले, यांत गैर तें काय झालें?

पुष्कळ विचार करून आम्हांस असें वाटतें कीं येथें दोन निरनिराळ्या वस्तु एकाच नांवाखालीं नांदत आहेत. एक परवाना लिहिलेल्या मजकुरास दुसऱ्यांवर सत्ता देतो. दुसरा परवाना ज्यांच्याविषयीं मजकूर लिहिला आहे त्यांचें इतरांपासून रक्षण करतो. मजकूर बदलतांच पहिल्याची पुन्हां तपासणी व्हावी, हें योग्यच आहे; नव्या मजकुरानें काय आरंभिलें असेल तें कोणास ठाऊक! परंतु आम्हीं वेलांटी बदलली म्हणून त्या मुलीच्या रक्षणाची गरज कोठें संपली? लिनक्स ती खूण पुसतें तेव्हां तें संशयाच्या क्षणीं मोकळीक आंखडतें. आमच्या साधनानें संशयाच्या क्षणीं ती सैल केली.

साधनांच्या कर्त्यांवर अन्याय होऊं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे, कीं सर्व कांहीं पूर्ववत् करणें त्यांस वाटलें तरी नेहमीं शक्य नसतें. नऊ खुणा नव्या फायलीवर उमटवितां येतात. गटही, आपण त्या गटाचे असूं तर, लावतां येतो. पण मालक परत ठेवतां येत नाहीं. लिनक्सवर सामान्य मनुष्यास आपली फाइल दुसऱ्याच्या नांवावर करतां येत नाहीं, आणि या मनाईस कारणही आहे: तशी मुभा असती, तर जो तो आपलें ओझें व आपलीं पापें शेजाऱ्याच्या खात्यावर चढविता. म्हणून सुरक्षितपणें लिहावें तर मालक बदलतो, आणि मालक राखावा तर जुन्या फायलींतच लिहिण्याचा धोका पत्करावा लागतो. इमॅक्स व व्हिम हीं जुनीं लेखन-साधनें हा पेंच उघड कबूल करतात, आणि कोणती रीत वापरावी हें ठरविण्याची सोय माणसाच्या हातीं ठेवतात. व्हिममधील त्या सोयीचीं उत्तरें 'होय', 'नाहीं' आणि 'तूंच पाहा' अशा अर्थाचीं आहेत; आम्हांस तिसरें उत्तर फार मानवी वाटलें. विंडोजमध्यें एका फायलीच्या जागीं दुसरी बसविण्याची एक आज्ञा आहे, ती जुन्या फायलीची हक्कांची यादी नवीवर आणून ठेवते. म्हणजे प्रश्न कोणास सुचलाच नव्हता असें नाहीं. साधनें लिहिणाऱ्या प्रत्येकास तो सुचेल, अशी मात्र खात्री नाहीं. अलीकडे पुष्कळ लोक आपले कागद दूरच्या यंत्रावर ठेवून तेथेंच सामाईकपणें लिहितात. तेथें कोणीं पाहावें याची यादी कागदाबरोबर राहते, आणि हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण कोणी तो कागद आपल्या यंत्रावर उतरून घेतला, कीं ती यादी मागें राहते आणि कागद एकटाच पुढें जातो.

आम्हांस जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. साधनांची चूक दोन दिशांनीं होऊं शकते. कांहीं साधनें तात्पुरती फाइल फक्त मालकापुरती बंद करून जन्मास घालतात, आणि तिच्यावर जुने हक्क उमटविण्यास विसरलीं तर जतन केल्यावर ती इतर सर्वांस बंद होते. कांहीं आमच्या साधनाप्रमाणें जगास उघडी करतात. पहिली चूक झाली कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूरध्वनि वाजतो. ज्याचा हक्क गेला तो ओरडतो. दुसरी चूक झाली तर कोणीच ओरडत नाहीं. ज्यास नको तें दिसलें तो सांगावयास येत नाहीं, आणि ज्याचें दिसलें त्यास तें ठाऊक नसतें. आमची चूक उघडकीस आली ती केवळ एकाच आंकड्यांत दोन्ही चुका होत्या म्हणून: बाईंचा लिहिण्याचा हक्क गेला नसता, तर ती यादी वर्षअखेरपर्यंत उघडी राहिली असती, आणि आम्ही तिचे मोठे दक्ष रक्षक म्हणून मिरवीत राहिलों असतों. तक्रारी मोजून जो साधनाचे दोष सुधारील, तो नेहमीं बंद दारें उघडीत जाईल. उघडीं पडलेलीं दारें तक्रार करीत नाहींत.

"सर, दोष तुमचा नाहीं, साधनाचा आहे," असें तो तरुण सहकारी आम्हांस म्हणाला. हें ऐकून आम्हांस इतकें बरें वाटलें कीं त्या बरें वाटण्याचाच आम्हांस संशय आला. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागांत अज्ञानामुळें घडलेल्या कृत्यांचा विचार केला आहे. तो म्हणतो कीं असें कृत्य स्वेच्छेचें नव्हे. परंतु तें इच्छेविरुद्ध घडलें असें मात्र तेव्हांच म्हणावें, जेव्हां करणारास मागाहून त्याचें दुःख होतें. वर्गांत हा भेद आम्हांस केवळ सूक्ष्म वाटे. आतां त्यांतील कांटा कळतो. यंत्रास दुःख होत नाहीं. साधनाच्या कर्त्यास ही घटना कळलीच नाहीं, मग दुःख कोठून? तेव्हां या सर्व मालिकेंत दुःख करण्याजोगा एकच प्राणी उरतो, तो म्हणजे कळ दाबणारा. दोष त्याचा नसेलही; पण खेदाचा वारसा त्याच्याकडेच येतो. २०१७ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. कायदा संस्थेस जबाबदार धरतो तें रास्त आहे. परंतु ती मुलगी आपलीं चार वाक्यें घेऊन संस्थेकडे आली नव्हती. ती आमच्या खोलीच्या दाराशीं दहा मिनिटें उभी राहून मग आंत आली होती.

तिला सांगावें कीं नाहीं, यावर समितींत दोन मतें पडलीं. एका सहकाऱ्यांचें म्हणणें असें, कीं कोणीं वाचलें असल्याचा पुरावा नाहीं, मग उगाच तिच्या मनास घोर कां लावावा? बाई म्हणाल्या, "तिची गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवायचा परवाना तरी आपल्याला कोणी दिला?" आम्हीं तिला बोलावलें आणि घडलें तें सर्व, आंकड्यांसह, सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें.

"सर, मला कोणी कांहीं विचारलें नाहीं," ती म्हणाली. मग दाराशीं जाऊन थांबली. "पण आतां कोणी नेहमींपेक्षां जास्त चांगलें वागलें, तर मला वाटेल कीं त्यानें वाचलें असेल."

यादीवर पुन्हां ६६० हा आंकडा आहे, आणि ती ज्या कप्प्यांत आहे तो कप्पाच आतां बाहेरच्यांस बंद केलेला आहे, म्हणजे आंतली फाइल कितीही वेळां नव्यानें जन्मली तरी परक्यास तिच्यापर्यंत पोंचतां येत नाहीं. बाई आणि आम्ही जतन केल्यावर त्या नऊ खुणा पाहून मगच उठतों. यंदाच्या अर्जांत त्या मुलीचा अर्ज नाहीं. तिची फी भरलेली आहे. ती कोणीं भरली हें आम्हीं विचारलें नाहीं.